ओरल्सच्या आधीचे चार दिवस

रत्नागिरी,
रविवार रात्र

चि. ऋतास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, वाचलंय सगळं, पण कुणी अचानक विचारलं तर नेमकं सापडत नाही." तेव्हा आई शेजारी होती, म्हणून मी विषय बदलला. तिला आधीच झोप नाही. पण गुरुवारी तुझी क्लास फोरची, म्हणजे जहाजावरच्या इंजिनिअरच्या सर्टिफिकेटची, तोंडी परीक्षा, ओरल आहे, आणि मधल्या दिवसांत काय करावं, काय टाळावं याबद्दल मला तुझ्याशी सविस्तर बोलायचं आहे.

आधी टाळायचं ते सांगतो. तुमच्या ग्रुपवर जी पीडीएफ फिरते ना, कुठल्या सर्व्हेअरने, म्हणजे परीक्षकाने, कुणाला काय विचारलं त्याची, ती आता उघडू नकोस. दोन महिन्यांपूर्वी ती वाचण्यात अर्थ होता. आता ती वाचलीस तर दर पानावर न येणारा एक प्रश्न भेटेल आणि जे पक्कं येतं त्यावरचाही विश्वास उडेल. शिवाय त्यातली उत्तरं मुलांनीच मुलांसाठी लिहिलेली असतात. चुकीची उत्तरं वर्षानुवर्षं तशीच पुढे उतरवली जातात, आणि ती सर्व्हेअरच्या कानांना चांगली ओळखीची असतात. पाठ केलेलं उत्तर आलं की तो मध्येच थांबवतो आणि तुझ्याच शेवटच्या शब्दावर पुढचा प्रश्न टाकतो. तिथे पीडीएफ संपलेली असते.

समोर बसलेला माणूस स्वतः जहाजावर राहिलेला असतो, हे विसरू नकोस. सर्टिफिकेट हातात आलं की तू फोर्थ इंजिनिअर म्हणून स्वतंत्र वॉच, म्हणजे इंजिन रूमची पाळी, घेशील. चीफ इंजिनिअर, सेकंड इंजिनिअर झोपलेले असतील आणि खाली इंजिन रूम तुझ्या ताब्यात असेल. ही मुलगी खाली असताना आपण वर निर्धास्त झोपू का, एवढंच तो मनात तपासत असतो. म्हणून तुझं उत्तर पुस्तकातून येण्याआधी तुझ्या जहाजावरून आलं पाहिजे. "आमच्या जहाजावर असं होतं" अशी सुरुवात केलेलं उत्तर मी कधी वाया गेलेलं पाहिलं नाही.

त्यासाठी रोज संध्याकाळी एक लाइन, म्हणजे जहाजातला पाइपांचा एक मार्ग, धर. डोळे मीट आणि चालायला लाग. फ्युएल ऑइल बंकर टँकमधून निघालं. ट्रान्स्फर पंप, सेटलिंग टँक, प्युरिफायर (तेलातलं पाणी आणि घाण काढणारं यंत्र), सर्व्हिस टँक, सप्लाय पंप, सर्क्युलेटिंग पंप, हीटर, व्हिस्कोमीटर, फिल्टर, फ्युएल पंप, इंजेक्टर. प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतःला विचार: हे बंद पडलं तर पहिला अलार्म कुठला येईल? स्टँडबाय पंप आपोआप येईल का? व्हॉल्व्ह कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहे? मग ती लाइन कागदावर काढ, पट्टी न वापरता, कारण तिथेही कोरा कागद पुढे सरकवतात. उद्या ल्यूब ऑइल, परवा कूलिंग वॉटर आणि स्टार्टिंग एअर, बुधवारी दुपारी बिल्ज (तळाशी साचलेलं पाणी उपसायची) आणि फायर लाइन. बास.

ब्लॅकआउट, म्हणजे जहाजाची सगळी वीज जाणं, नक्की विचारतील, आणि 'डाली'नंतर तर जास्तच. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरमध्ये त्या कंटेनर जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा जण गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी आपलेच, भारतीय. चौकशीचा धागा शेवटी एका सैल वायरपर्यंत पोचला. पण तू लक्षात ठेवायची ती त्याच्या पुढची गोष्ट. जनरेटरांना तेल पुरवायला तिथे फ्लशिंग पंप, म्हणजे मुळात लाइन धुवायचा पंप, वापरात होता, आणि वीज परत आल्यावर तो आपोआप चालू होणारा नव्हता. तेलाचा दाब पडला आणि वीज दुसऱ्यांदा गेली. म्हणजे "ब्लॅकआउट झाला तर काय करशील?" या प्रश्नात, कुठला पंप स्वतःहून उठतो आणि कुठला हाताने उठवावा लागतो, हा खरा प्रश्न लपलेला आहे. तुझ्या जहाजावरची ती यादी आज रात्री आठवून लिहून काढ. इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांत लोड घ्यायचा असतो, हे सगळेच सांगतात. तो सुरू झाला नाही तर दुसरी स्टार्टिंगची सोय कोणती, ती कुठे आहे, दर आठवड्याच्या टेस्टमध्ये तू स्वतः ती वापरलीस का, हे सांगणारे थोडे असतात.

दुसरा हमखास प्रश्न क्रँककेस एक्सप्लोजनचा, म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पेटीतल्या स्फोटाचा. याचं पाठ केलेलं उत्तर अजिबात देऊ नकोस, गोष्ट सांगितल्यासारखं सांग. कुठलंतरी बेअरिंग तापलं, त्या गरम जागेवर तेलाची वाफ झाली, वाफ थंड भागात गेली आणि तिचं बारीक धुकं झालं. हवेतलं प्रमाण साधारण लिटरला ५० मिलिग्रॅमवर गेलं की ते पेट घेऊ शकतं, आणि पेटवायला तीच गरम जागा तिथे हजर असते. पहिला स्फोट लहानही असू शकतो. पण त्याने दार फुटलं आणि बाहेरची हवा आत शिरली की दुसरा होतो, आणि माणसं मारतो तो दुसरा. १९४७ साली बेलफास्टजवळ 'रेना डेल पॅसिफिको' या जहाजाच्या ट्रायलच्या वेळी २८ जण असेच गेले. आज दारांवर जे रिलीफ व्हॉल्व्ह (आतला दाब बाहेर सोडणारे) दिसतात, त्यांच्यामागे ती माणसं आहेत. एवढं मनात असेल तर ऑइल मिस्टचा अलार्म आल्यावर काय करायचं त्याचा क्रम चुकणारच नाही: वेग लगेच कमी, ब्रिजला फोन, परवानगी मिळताच इंजिन बंद, माणसं रिलीफ व्हॉल्व्हच्या बाजूपासून दूर, ल्यूब ऑइल चालू, इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरचे छोटे नळ) उघडून टर्निंग गिअरने इंजिन हळू फिरवायचं. आणि दार उघडायचं नाही. मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ जाऊ द्यायची, किमान अर्धा तास तरी. "का थांबायचं?" असं तो विचारेल, तेव्हा हवेचं कारण सांग.

फंक्शन थ्रीच्या, म्हणजे ओरलच्या सुरक्षा-कायद्यांच्या भागाच्या, नियमांची तुला धास्ती आहे, हे मला माहीत आहे. तिथेही हीच युक्ती लागू पडते. प्रत्येक नियमाच्या मागे एक जहाज आहे. 'टायटॅनिक' १९१२ ला बुडालं, १९१४ ला पहिलं सोलास, समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, आलं. आज आपण चालवतो ते १९७४ चं. 'टॉरी कॅन्यन' १९६७ ला इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ फुटलं, लाखाहून जास्त टन क्रूड समुद्रात गेलं, त्यातून पुढे १९७३ चं मारपोल, म्हणजे जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धचा करार, आणि १९७८ चा प्रोटोकॉल. 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' १९८७ मध्ये झीब्रुगे बंदरातून पुढचं दार उघडं ठेवून निघालं आणि १९३ माणसं गेली. दार बंद करणारा झोपला होता, पण दार बंद झालंय का हे पाहायची पद्धतच कंपनीत नव्हती, म्हणून आयएसएम, म्हणजे कंपनीने सुरक्षेची पद्धत ठरवून पाळायचा नियम. तारखा त्याच क्रमाने डोक्यात बसतील. मारपोलचे सहा अनेक्स (परिशिष्टं) एकदा मोठ्याने म्हण, आणि १५ पीपीएमचा नियम (समुद्रात सोडायच्या पाण्यात तेल दहा लाखांत १५ भागांहून जास्त नको) सांगताना ऑइल रेकॉर्ड बुकात तू स्वतः कशाच्या नोंदी होताना पाहिल्यास तेही सांग.

आकड्यांची एकच छोटी चिठ्ठी कर. रिव्हर्सिबल (उलटं फिरू शकणाऱ्या) मेन इंजिनला एअर बॉटल परत न भरता १२ स्टार्ट, नॉन-रिव्हर्सिबलला ६. लाइफबोटचं इंजिन उणे १५ अंशाला सुरू व्हायला हवं, वेग ६ नॉट, तेल २४ तासांचं. २०२० पासून तेलातलं सल्फर ०.५० टक्के, इसीएमध्ये, म्हणजे धुरावर कडक नियम असलेल्या समुद्रात, ०.१०. बंदिस्त टाकीत शिरण्याआधी ऑक्सिजन २१ टक्के. असे आकडे एका कागदावर मावले पाहिजेत. मावत नसतील तर तू नको ते लिहिते आहेस.

आत्याला माझ्याकडून सांग की रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास तिने तुझा सर्व्हेअर व्हायचं. तिला जहाजातलं काही कळत नाही, हेच चांगलं आहे. तिला मराठीतून प्युरिफायर समजावून दे. ती विचारेल, "तेल साफ करायचं तर आधी त्यात पाणी कशाला घालता?" त्याचं उत्तर तिला पटेपर्यंत दे: ते पाणी सील धरतं, सील नसलं तर तेल पाण्याच्या वाटेने बाहेर जातं. मग ग्रॅव्हिटी डिस्क, म्हणजे तेल-पाण्याची सीमा ठरवणारी चकती, चुकीची बसली तर काय, तेही सांग. ज्या ठिकाणी तुला "ते तसंच असतं गं" म्हणावंसं वाटेल, तेवढंच दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक उघडून वाच. नंतर तेच उत्तर इंग्रजीत, आखूड वाक्यांत, उभी राहून मोठ्याने म्हण. आपल्याकडच्या मुलांचं ज्ञान बरेचदा तोंडात अडकतं, आणि त्याला मोठ्याने बोलण्याशिवाय दुसरं औषध मला सापडलं नाही.

एखादा प्रश्न आला नाही तर "सर, मला माहीत नाही; जहाजावर मी मॅन्युअल पाहीन आणि सेकंडला विचारीन" असं सरळ म्हण. ठोकून दिलेलं उत्तर सर्व्हेअरला फार खटकतं, कारण खाली इंजिन रूममध्येही ती मुलगी असंच ठोकून देईल असं त्याला वाटतं. पण बॉयलर, आग, बंदिस्त टाकी, क्रँककेस, ब्लॅकआउट या पाच ठिकाणी "माहीत नाही" चालत नाही. बॉयलरच्या गेज ग्लासमध्ये (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत) पाणीच दिसत नसेल तर आधी फायर बंद, आणि तापलेल्या बॉयलरमध्ये घाईने पाणी सोडायचं नाही. हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

झोपेवरून आठवलं. एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षण आणि वॉचच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, विश्रांतीचे तास तू मला तोंडपाठ म्हणून दाखवलेस: २४ तासांत किमान १०, आठवड्यात ७७, जास्तीत जास्त दोन तुकडे आणि त्यातला एक निदान सहा तासांचा. थकलेला माणूस चुकतो, एवढ्याचसाठी साऱ्या जगाने मिळून तो नियम केला. बुधवारी रात्री तो स्वतःलाही लाव. नऊनंतर वही उघडायची नाही.

तू फोनवर एक विचारलंस, मुलगी म्हणून काही वेगळं विचारतील का. काही जण कुतूहलाने विचारतीलही. सोनाली बॅनर्जी १९९९ मध्ये देशातली पहिली महिला मरीन इंजिनिअर झाली, तेव्हा मी समुद्रावर होतो, आणि आमच्या मेसमध्ये त्यावर काय काय बोललं गेलं ते मला आठवतं. आता तुझ्या बॅचमध्येच मुली आहेत. वेगळा प्रश्न आलाच तर दोन वाक्यांत शांतपणे उत्तर दे आणि बोलणं मशिनरीवर आण. तू प्युरिफायर एकटीने उघडून, साफ करून, परत लावून चालवलास, हे तुझ्या चीफने मला स्वतः सांगितलंय. ते तिथे सांगायला लाजू नकोस.

कागदपत्रं बुधवारी संध्याकाळीच बॅगेत भर: सीडीसी (खलाशाचं ओळख-पुस्तक), सी-टाइमची (जहाजावर काढलेल्या दिवसांची) पत्रं, कोर्सची सर्टिफिकेटं, ओळखपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला उभं राहायलाही जागा नसते, म्हणून एक गाडी आधीची पकड आणि दादरला बदलून चर्चगेटला जा. नाश्ता घरून करून निघ, आत नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

आईने बेसनाचे लाडू धाडलेत, मंगळवारी गाडीवाला आत्याकडे पोचवेल. ओरल झाली की पहिला फोन तिला कर, निकाल काहीही असो. मला नंतर कर, पण सावकाश वेळ काढून. काय काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, ते मला पहिल्या प्रश्नापासून ऐकायचं आहे.

तुझे,
बाबा