काकांच्या पायाबद्दल, मंजूला

नौपाडा, ठाणे

प्रिय मंजू,

स्ट्रोकनंतर काकांचं चालणं सुधारावं म्हणून ते कंपनाचं मशीन सुरू करावं का, असं तू विचारलंस. फोनवर घाईघाईत उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. दादाने सेंटरच्या त्या मशीन-पॅकेजचे पैसे भरू नयेत. तेच पैसे घरी येणाऱ्या फिजिओच्या जास्तीच्या तासांवर घालावेत. आता कारणं सांगते, कारण दादाला तुलाच पटवायचंय. पुण्याहून तू केलेला एक फोन माझ्या दहा फेऱ्यांपेक्षा त्याच्यावर जास्त चालतो.

मशीनमागची कल्पना वेडगळ नाही. गुडघे किंचित वाकवून, समोरचा दांडा धरून एका प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. तो साधारणपणे सेकंदाला २० ते ४० वेळा हलतो, तोही काही मिलिमीटरच. स्नायूंच्या आत ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. दर धक्क्याला ते ताणले जातात, तिथून मज्जारज्जूकडे संदेश जातो आणि स्नायू आपसूक आवळतो. मेंदूचा हुकूम पोचत नसतानाही पायाला काम लागतं. ज्यांच्या घरातला माणूस पाऊल घासत चालतोय त्यांना हे ऐकून आशा वाटणारच, दादाला दोष देऊ नकोस. एका सत्रानंतर मांडीची ताकद थोडा वेळ वाढल्याचंही काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे.

पण काकांना हवंय चालणं, आणि तिथे हे मशीन उणं पडतं. २००६ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात स्ट्रोक झालेले ५३ रुग्ण होते. अर्ध्यांना ६ आठवडे कंपन दिलं, बाकीच्यांना संगीतावर व्यायाम. तोल आणि रोजची कामं दोन्ही गटांत सुधारली, कंपनाने वेगळं काही पदरात पडलं नाही. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये ३१ जणांना मशीनवरच उभं केलं, फक्त एका गटाचं मशीन ३.७५ मिलिमीटर हलत होतं आणि दुसऱ्याचं जेमतेम ०.२. चालण्यात दोघांमध्ये फरक निघाला नाही. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये ८२ जणांनी पायांचे तेच व्यायाम केले, काहींनी कंपनासह, काहींनी कंपनाशिवाय. तिथेही कंपनाने भर घातली नाही. म्हणजे माणूस सुधारतो तो उभं राहून, वाकून, पायावर भार घेऊन. त्याला हलवणारं यंत्र त्यात फारसं काही करत नाही.

मंजू, चालणं चालूनच परत येतं. मेंदूचा जो भाग वाचलाय त्याला नवी वाट शिकायची असते आणि ती शिकायला शेकडो पावलं लागतात, तीही खऱ्या जमिनीवर, वळणं घेत, उंबरा ओलांडत. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीनेक महिन्यांत. काका आत्ता त्याच काळात आहेत. घोडबंदर रोडवरच्या त्या सेंटरला जाऊन यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये निम्मी सकाळ. गाडीतून उतरेपर्यंतच ते दमतील आणि त्या दिवशीचं खरं चालणं राहून जाईल. मला पैशांपेक्षा त्या सकाळींची जास्त काळजी वाटते.

काल काकांना तुमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये चालवलं. दहा मीटरला तीसेक सेकंद लागले. सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली वेग असलेला माणूस बहुधा घरापुरता चालतो. ०.८ ओलांडला की बाहेर बिनधास्त वावरता येतं. काका खालच्या टोकाला आहेत, पण त्यांची मांडी चांगली उचलते. अडतंय ते पाऊल लोंबतं म्हणून. त्यासाठी पायाच्या मापाची स्प्लिंट, म्हणजे पाऊल लोंबू न देणारा आधार, करून घ्या. त्या एका गोष्टीने त्यांची पडायची भीती कमी होईल, आणि भीती कमी झाली की ते आपणहून उठतील. काकू प्रेमाने पाणी, चष्मा, पेपर सगळं हातात आणून देतात. त्यांना सांग, पेपर टेबलावर ठेवा, काका जाऊन घेतील. सोबत कुणीतरी कमजोर बाजूला उभं राहायचं, एवढंच.

आणखी एक. मशीन सरसकट सगळ्यांना चालतही नाही. पायात नुकतीच रक्ताची गाठ झालेली असेल, पेसमेकर असेल, हाड नुकतं मोडलेलं असेल, तर त्यावर चढायचंच नाही. काकांना मूतखड्याचा त्रास आहे हे दादाने त्या सेंटरला सांगितलं का, विचार त्याला. खडा असलेल्यांनाही सहसा कंपन टाळायलाच सांगतात.

स्प्लिंट आली की मी त्यांना कचराळी तलावाच्या ट्रॅकवर नेईन. तिथे सपाट आहे, बसायला बाकडी आहेत. नौपाड्यातल्या फुटपाथवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक इतक्यात नकोत. बीपीच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू देऊ नका. दुसरा झटका टाळण्यासाठी त्या चालण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

दादाने पॅकेजचं ठरवायच्या आत त्याच्याशी बोल. त्याला काही विचारायचं असेल तर रात्री नऊनंतर मला फोन करू दे, तेव्हा माझे पेशंट संपलेले असतात.

तुझी,
सुनंदा