डिझेलमध्ये काय मिसळायचं ते नीट ठरवा

संपादक साहेब,

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, आता डिझेलचा नंबर अशी चर्चा आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्यांत चालू आहे, इथेनॉल मक्यापासूनही बनतं म्हणून मकावाले शेतकरी तर खूशच, पण डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हो, तिथं दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. इथेनॉलचा सीटेन नंबर (म्हणजे दाबाखाली इंधन किती चटकन पेटतं त्याचं माप) १० च्या आसपास, डिझेलचा ५०, मग पेट उशिरा घेणार नि इंजिन ठोके मारत चालणार, वर थोडं पाणी शिरलं तरी दोन्ही वेगळे होतात, इंजिनातल्या इंधन-पंपाला वंगण कमी मिळतं ते वेगळंच.

बायोडिझेलचं, म्हणजे खाद्य-अखाद्य तेलापासून केलेल्या डिझेलसारख्या इंधनाचं, तसं नाही. त्यात ऑक्सिजन साधारण ११ टक्के, म्हणून धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी, नायट्रोजन ऑक्साइड मात्र बऱ्याचदा थोडे वाढतात. ताकदही थोडी कमी. केंद्राच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं लिहिलंय, मग सरकीचं तेल खायला लागतं ते सोडा, पण जळगाव-धुळ्याच्या हॉटेलांत भजी-कचोरी तळून काळं झालेलं तेल तरी गोळा करा ना. आणि जुन्या ट्रॅक्टरवाल्यांनो, बायोडिझेल टाकीतली घाण सोडवतं, सुरुवातीला फिल्टर लवकर चोकअप होतो, रबरी पाइपही बघून घ्या.

– एक वाचक, चोपडा