कट्ट्यामागे एक किलो कशाचा कापता?

महोदय,

सोयाबीनचा भाव पडला की मोर्चे निघतात, विधानसभेत आवाज उठतो. पण गावात येऊन माल नेणारे व्यापारी वजनात जे मारतात, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आमच्याकडे मळणी झाली की बराचसा माल खळ्यावरच विकला जातो. काटा व्यापाऱ्याचा, मोजणारा माणूसही त्याचाच. बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणून दर कट्ट्यामागे सरळ एक किलो कापतात. प्लॅस्टिकचा रिकामा कट्टा मी घरच्या काट्यावर ठेवून पाहिला, दीडशे ग्रॅमही भरला नाही. ५० किलोचा कट्टा धरला तर क्विंटलला दीड किलोच्या वर माल फुकट गेला. २०२५-२६च्या ५३२८ रुपये हमीभावाने २० क्विंटलला हे अठराशे रुपये होतात! ओलाव्याचं तर विचारूच नका. आमच्या ढिगाला व्यापाऱ्याच्या मशीनवर १६ टक्के आला. त्यातलाच पसाभर माल दुसऱ्याकडे नेला तर १३.

हटकलं तर उत्तर ठरलेलं: "भाऊ, सगळ्यायचंच कापतो, तुमचं एकट्याचं थोडंच हाय!" खताची उधारी त्याच्याकडेच, दिवाळी तोंडावर, आणि हमीभाव केंद्रावर नोंदणी करून मेसेजची वाट पाहत बसायला सवड नसते. माणूस गप्प बसतो. आमच्यातलेही काही जण मालात माती-भुसकट ठेवतात, तीही लबाडीच आहे. पण म्हणून स्वच्छ माल आणणाऱ्याचं वजन का मारायचं?

२००९च्या वैधमापन कायद्याप्रमाणे व्यापारातल्या काट्याची ठरल्या मुदतीत पडताळणी होऊन त्यावर शिक्का असावा लागतो. आमच्या खळ्यावर आलेल्या काट्यावर मला तो कुठे दिसला नाही. वैधमापन निरीक्षकांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तालुक्याच्या बाजारापुरतं न थांबता गावोगावी यावं. प्रत्येक ग्रामपंचायतीने २० किलोचं शिक्क्याचं वजन घेऊन ठेवावं आणि मोजणी सुरू करण्याआधी ते सगळ्यांसमोर काट्यावर चढवावं. कट्टा रिकामा तोलूनच बारदान कापावं, आणि वजन, ओलावा, कपात हे सारं लिहिलेली सहीची पावती शेतकऱ्याच्या हातात पडल्याशिवाय गाडी गावाबाहेर जाऊ देऊ नये.

— एक सोयाबीन उत्पादक, जि. वाशिम