बाबा कुठे आहेत, ते मुलांना सांगा

ती. वहिनींना सा. न.

तुमच्या भावाला मोठी शिक्षा लागली आणि दोन्ही भाचरं आता तुमच्याकडेच राहणार, हे दादाकडून कळलं. फोनवर मुलं आजूबाजूला असतात, म्हणून लिहूनच पाठवते. इथे माझं काम अशाच मुलांमध्ये आहे.

'बाबा लांब कामाला गेलेत' असं कुणी सांगितलं असेल, तर ते याच आठवड्यात दुरुस्त करा. खरं काय ते शाळेतून किंवा दाराआडून कानावर पडतंच, आणि मग मुलांचा विश्वास तुमच्यावरून उडतो. धाकटीला एवढं पुरे: बाबांनी कायदा मोडला, ते चूक होतं, न्यायाधीशांनी त्यांना तुरुंगात पाठवलं, ते खूप वर्षं तिथे राहतील, आणि यात तुझा काहीच दोष नाही. शेवटचं वाक्य तिने विचारलं नाही तरी पुन्हा पुन्हा म्हणा. 'मी हट्ट केला म्हणून झालं' असं या वयाची मुलं मनात धरून बसतात. बाबा झोपतात कुठे, रात्री दिवा असतो का, असलं ती विचारेल. उत्तरं बाबांकडूनच पत्रातून मागवा. थोरला इंटरनेटवर नाव शोधणारच. त्याआधी त्याच्या शेजारी बसून बातम्या वाचा. सुटकेची तारीख मात्र कुणीच सांगू नका. अपील, माफी, रजा यांत तारखा सरकतात, आणि मुलाला तो दरवेळी मोडलेला शब्द वाटतो.

लांबलचक शिक्षेत आणखी एक गोष्ट बिघडते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाबांच्या मनात मूल अटकेच्या दिवशीच्या वयाचंच राहतं. तेरा वर्षांच्या मुलाला ते 'शहाण्यासारखा वागतोस ना?' विचारतात, तो 'हो' म्हणतो आणि बोलणं खुंटतं. म्हणून आठवड्याला एक कागद पाठवा, पण 'सगळं ठीक' लिहू नका. कुठलं गणित अडलं, कुणाशी अबोला आहे, कुठला दात पडला, ते लिहा. दर तीन महिन्यांनी पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढा, तारीख घाला. तळव्याची लांबी बोटाने मोजणारा बाप पुढच्या भेटीत आपोआप खरे प्रश्न विचारतो. कागदाला पिन, चमकी, स्टिकर नको. तपासणीत असली पत्रं अडकतात. तपासणीमुळे उत्तरं मागेपुढे येतात, तेव्हा पत्रांना क्रमांक द्या. चित्राची झेरॉक्स घरी ठेवा.

भेटीआधी तुरुंगात फोन करून विचारा: मुलांची कुठली कागदपत्रं लागतात, पालकत्वाचा कागद हवा का, मध्ये काच असते की जाळी. रांग, अंगझडती, काच हे सगळं घडेल त्या क्रमाने धाकटीला आदल्या दिवशी सांगा. काचेला हात लावला तरी बाबांचा हात लागणार नाही, हेही. आत जाण्याआधी लघवीला नेऊन आणा. मध्येच बाहेर आलं की बऱ्याच ठिकाणी परत सोडत नाहीत. वकील आणि पैशांचं बोलणं त्या दिवशी नको, त्यातच मुलांची वेळ संपते. निरोपाची एक ठरलेली खूण असू द्या. पुढचे एक-दोन दिवस पोट दुखणं, अंथरूण ओलं होणं, भांडणं होतील. त्यावरून भेटी बंद करू नका. परीक्षेच्या आदल्या दिवशी भेट ठेवू नका, इतकंच. थोरला कधी 'नाही येत' म्हणाला तर ओढून नेऊ नका, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारा.

तुरुंग फार दूर असेल तर बदलीचा अर्ज करता येतो. त्यात १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम ९ आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या, कैद्यांना कसं वागवावं ते सांगणाऱ्या मंडेला नियमांतला नियम ५९ लिहा. पहिल्यात वेगळ्या राहणाऱ्या आईबापाशी नियमित संपर्काचा हक्क आहे, दुसऱ्यात कैद्याला शक्यतो घराजवळ ठेवावं असं आहे. बदली होईलच असं नाही, पण अर्ज मुलांच्या बाजूने उभा राहतो.

शाळेत एकाच विश्वासू बाईंना सांगा. मुलांकडून एक वाक्य घोटून घ्या: 'बाबा आमच्याबरोबर राहत नाहीत, मला त्यावर बोलायचं नाही.'

आणि वहिनी, बाबांनी मुलांवर कधी हात टाकला असेल, किंवा कोर्टाने भेटीला मनाई केली असेल, तर भेटींचं आणि पत्रांचं वर लिहिलेलं लागू नाही. तसं असेल तर आधी मला कळवा.

तुमची,
धाकटी नणंद