सरांच्या मागे ऑफिस चालवताना: अनंतास पत्र

पुणे, १० डिसेंबर २०२५

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. आपले वास्तुशिल्पकार सर जाऊन वर्ष होत आले आणि ऑफिसचा सगळा भार तुम्हा तिघांवर आला, हे मला ठाऊक होते; पण प्रत्येक ड्रॉइंगवर सही करताना ‘सरांनी हे असेच केले असते का?’ या प्रश्नापाशी तुझा हात अडतो, हे वाचून मला रात्री झोप आली नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात अहमदाबादला जे पाहिले, ते तुला सविस्तर कळवतो.

वास्तुशिल्पकार बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्याचेच. १९२७ साली त्यांचा जन्म इथे झाला, मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात ते शिकले आणि पॅरिसला नामवंत वास्तुशिल्पकार ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करून पुढे अहमदाबादला स्थिरावले. त्यांचे ‘संगाथ’ हे ऑफिस अर्धे जमिनीत उतरलेले आहे. वरची लांबट गोलाकार छते पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांनी मढवलेली आहेत. मी गेलो तेव्हा पावसाची सर पडत होती आणि छतांवरून ओघळणारे पाणी पन्हळींतून खाली हौदाकडे वाहत होते. एका तुकड्यावर मी हात ठेवला. कडा बोथट, दोन तुकड्यांमधली फट बोटाएवढी, आणि कोणताही तुकडा शेजारच्यासारखा नाही. ज्या गुरूंच्या उघड्या काँक्रीटची जगभर नक्कल झाली, त्यांच्या शिष्याने स्वतःच्या ऑफिसवर मात्र हे पांढरे तुकडे लावले, कारण ऊन अहमदाबादचे होते. गुरूंकडून त्यांनी उजेड आणि सावली मोजण्याची नजर घेतली. भिंती मात्र घेतल्या नाहीत. मला यात फार मोठी निष्ठा दिसते.

दोशींनी आखलेली इंदूरची अरण्य वसाहत तर तुला माहीतच आहे. तिथल्या सर्वांत गरीब कुटुंबांना त्यांनी जोते, संडास-न्हाणी आणि नळ एवढेच देऊन पुढच्या खोल्या, जिने, ओटे कुटुंबाच्या ऐपतीवर आणि मर्जीवर सोडले. स्वतःचे काम दुसऱ्याच्या हातून पुरे व्हावे, ही व्यवस्था ज्याने आराखड्यातच करून ठेवली, त्याच्या मागे राहिलेल्यांनी सगळे जसेच्या तसे गोठवून ठेवावे, असे त्याला कधी वाटले असेल का?

जानेवारी २०२३ मध्ये दोशी गेले. जर्मनीत व्हाइल आम ऱ्हाइन इथे व्हिट्रा या फर्निचर कंपनीच्या आवारात ध्यानासाठी एक लहानशी वास्तू उभारण्याचे काम त्यांनी नात खुशनू पंथकी हूफ आणि तिचे पती सॉन्के हूफ यांच्यासह हाती घेतले होते. पोलादाच्या वळणदार भिंतींमधून हळूहळू जमिनीत उतरत जाणारी ती वाट यंदाच्या ऑक्टोबरात लोकांसाठी खुली झाली. विचार कर, साइटवर रोज उठणाऱ्या किती प्रश्नांची उत्तरे त्या दोघांना आजोबांना न विचारता द्यावी लागली असतील! ती त्यांनी दिली, म्हणूनच ती वास्तू आज उभी आहे.

तेव्हा तुझ्याकडे जो ग्राहक ‘सरांसारखी विटांची कमान’ मागतो आहे, त्याला कमान देण्याआधी सर ती का घालत असत, ते सांग. पश्चिमेचे ऊन अडवायला आणि लोखंड वाचवायला ते कमान घालत. त्याच्या प्लॉटवर ती गरज नसेल तर सरांनीच ती खोडली असती. भर दुपारी साइटवर उभे राहून झाडाची सावली पावलांनी मोजण्याची त्यांची सवय आठवते ना? ती सवय ऑफिसातल्या नव्या मुलांना लाव. बाकी ड्रॉइंगचे कपाट खुशाल कुलपात राहू दे.

शाळेच्या ग्रंथालयाचा जो जिना सरांनी हिरव्या पेन्सिलीने अर्धवट काढून ठेवला आहे, त्याचा ट्रेसिंग पेपर घेऊन फेब्रुवारीत इकडे ये. दोन दिवस आपण अहमदाबादला जाऊ आणि परतल्यावर माझ्या टेबलावर तो जिना पुरा करू. पहिली रेघ मात्र तू मारायची. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनायक