ग्रीक नाणे आधी तोला, मग पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाण्यांच्या प्रदर्शनांत काचेखालच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते : ‘सिकंदर, ग्रीक, चांदी’. वजन नाही, व्यास नाही, टाकसाळ नाही. ऑनलाइन विक्रीतही तीच तऱ्हा. प्राचीन ग्रीक चांदीच्या नाण्याची पहिली ओळख त्याच्या वजनात असते. तेच दिले नाही तर नव्या संग्राहकाला चित्रावर विसंबावे लागते आणि तिथेच तो फसतो. म्हणून आयोजकांना आणि विक्रेत्यांना विनंती की प्रत्येक चिठ्ठीवर ग्रॅममधील वजन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावे.

‘सिकंदराचे नाणे’ म्हणून जे दाखवतात, त्यावरचा चेहरा मुळात सिंहाचे कातडे पांघरलेल्या हेराक्लीझ या ग्रीक वीराचा असतो. मागच्या बाजूला आसनावर ग्रीक देवराज झ्यूस, त्याच्या उजव्या हातावर गरुड, डाव्या हातात दंड आणि शेजारी उभी अक्षरे : ‘अलेक्झांड्रू’, म्हणजे ‘अलेक्झांडरचे’. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला, पण हा नमुना पुढे दोनशेहून अधिक वर्षे निरनिराळी शहरे पाडत राहिली. झ्यूसचे पाय समांतर असतील तर नाणे आधीचे आणि एकावर एक टाकलेले असतील तर नंतरचे, हा ठोकताळा कामाचा आहे, पण त्याला अपवाद आहेत. खरा निर्णय झ्यूससमोरच्या आणि आसनाखालच्या बारीक चिन्हांवरून होतो. ती चिन्हे नीट टिपून अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘पेला’ या खुल्या कोशात शोधली की टाकसाळ आणि काळ सापडतो. सिकंदराचाच चेहरा हवा असेल तर त्याचा सेनापती आणि पुढे राजा झालेल्या लायसिमॅकसची नाणी पाहावीत. त्यांवर कानाशी मेंढ्याचे शिंग वळलेला, देवत्व दिलेला सिकंदर असतो.

आता वजन. अथेन्सच्या मापात द्राख्मा (मूळ नाणे) सुमारे ४.३ ग्रॅमचा, त्याच्या चौपट टेट्राद्राख्मा १७.२ ग्रॅमचा आणि सहावा भाग ओबोल ०.७२ ग्रॅमचा. सिकंदराने हेच माप घेतले. एजिना बेटाचे कासवाचे चित्र असलेले स्टेटर (तिथले मोठे नाणे) मात्र १२.२ ग्रॅमचे आणि कॉरिंथच्या पंखवाल्या घोड्याचे ८.६ ग्रॅमचे. अथेन्सचे घुबड, म्हणजे घुबडाचे चित्र असलेला टेट्राद्राख्मा, १६.८ ते १७.२ ग्रॅममध्ये बसावे. पंधरा ग्रॅम भरले तर कारण शोधायलाच हवे : एकतर चांदी खूप गंजली आहे, नाहीतर आत तांबे आहे. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी त्या काळीही पाडली जात. जुन्या घुबडांवर छिन्नीचे खोल घाव दिसतात ते याच संशयापोटी. घाव असला की किंमत उतरते, पण आतपर्यंत पांढरी चांदी दिसते, हा पुरावा लहान नाही. आज मात्र नाणे सराफाच्या कसोटीवर घासू नये आणि त्यावर तेजाबही टाकू नये.

त्याऐवजी घनता मोजावी. पाण्याचा पेला तराजूवर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने वरून असे सोडा की ते पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडेला टेकणार नाही. तराजू दाखवेल तो आकडा बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. १७.१५ ग्रॅमच्या घुबडाने १.६५ ग्रॅम पाणी सारले तर घनता १०.३९ येते. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, जर्मन सिल्व्हरची (चांदीसारखा दिसणारा तांबे, निकेल व जस्ताचा मिश्रधातू) साधारण ८.७. नाण्याला बुडबुडे चिकटले तर घनता खोटी कमी येते. पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. लहान नाण्यांना साधा तराजू पुरत नाही. २.४० ग्रॅमच्या नाण्यात ०.०१ ग्रॅम इकडेतिकडे झाले तर उत्तर १० ते १०.९ मध्ये कुठेही पडते. तिथे मिलिग्रॅम दाखवणारा तराजूच हवा.

वजन आणि घनता बरोबर आली म्हणजे नाणे खरे ठरले, असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेम बेकरने स्वतः ठसे कोरून चांगल्या चांदीत ग्रीक नाणी पाडली. अशा वेळी दहापट भिंग घ्यावे. ओतीव नकलेच्या कडेला साच्याची सांधरेषा किंवा ती घासल्याच्या खुणा असतात, पृष्ठावर सूक्ष्म खळगे असतात, अक्षरांचे पाय गुळगुळीत वितळल्यासारखे दिसतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षराची भिंत पृष्ठातून ताठ उभी राहते आणि कडेला बहुधा ताणाच्या चिरा असतात. दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तीच चीर, चित्र मध्यापासून तसेच सरकलेले दिसले तर दोन्ही टाळावीत. ठसा एक असू शकतो, पण हाताने ठोकलेल्या चांदीच्या दोन चकत्या सारख्या फुटत नाहीत.

महाराष्ट्रातल्या नवशिक्याने माझ्या मते घुबडापेक्षा इंडो-ग्रीक (भारताच्या वायव्येला राज्य केलेल्या ग्रीक राजांच्या) द्राख्मापासून सुरुवात करावी. हे माप हलके, सुमारे २.४५ ग्रॅमचे. त्यांतल्या अपोलोडोटस राजाच्या चौकोनी नाण्यावर एका बाजूला हत्ती व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल व खरोष्टी लिपी. मिनँडर राजाच्या नाण्यावर वज्र फेकणारी अथेना देवी आणि खरोष्टीत ‘महाराजस त्रातारस मेनंद्रस’. या दोघांचे जुने द्राख्मा भडोचच्या बाजारात अजून चालतात, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापारमार्गदर्शिकेत आहे. क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आली ती याच परंपरेतून. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये त्याची १३ हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतली बहुसंख्य सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या चिन्हांनी पुन्हा मुद्रांकित केलेली होती. ग्रीक अक्षरांवर सातवाहनांचे चिन्ह बसलेले असे नाणे हातात आले तर ते घासून ‘स्वच्छ’ करू नये. वरचे आणि खालचे, दोन्ही ठसे वाचायचे असतात.

चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही जुन्या चांदीला लावू नये. काळसर थर जातो, सोबत बारीक नक्षीही जाते आणि उरलेला भगभगीत पृष्ठभाग परत कधी सुधारत नाही. जमिनीत राहिलेली चांदी कणाकणांच्या सांध्यात गंजून ठिसूळ होते. फरशीवर पडली तर काचेसारखी तुटते. म्हणून नाणे नेहमी मऊ कापडावर, कडेला धरून पाहावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, मात्र खिडकी उघडी आणि आग दूर ठेवून. पॉलिएस्टरचे किंवा आम्लमुक्त कागदाचे पाकीट बरे. रबरबँड मात्र नकोच, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवेच.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. शेतात नाण्यांचे मडके निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विकत घेताना परवानाधारकाकडून पावती घ्यावी. तिच्यावर वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि आधी ते कोणाच्या संग्रहात होते याची नोंद मागून घ्यावी.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, पुणे