कबड्डीच्या मैदानात दातांचीही काळजी घ्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

भातकापणी आटोपली की आमच्या अलिबाग तालुक्यात गावोगावी रात्रीचे कबड्डीचे सामने सुरू होतात. मी स्वतः बरीच वर्षं खेळलो, आता गावच्या मंडळाच्या किशोर गटाला शिकवतो. गेल्या मोसमात जे घडलं ते सगळ्या मंडळांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

आमचा डाव्या कोपऱ्यात खेळणारा चौदा वर्षांचा मुलगा चढाईपटूच्या घोट्याला झेपावला. त्याने पाय सोडवायला हिसका दिला आणि गुडघा थेट पोराच्या तोंडावर बसला. वरचा पुढचा दात मुळासकट मातीत पडला. मी तो उचलला, माती लागली होती म्हणून रुमालाने खसाखसा पुसला, कागदात गुंडाळून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

तो दात काही परत बसला नाही. माझं तो पुसणंच चुकलं होतं. दाताच्या मुळावरच्या नाजूक पेशी जिवंत असतील तरच दात पुन्हा धरतो. त्या घासल्याने जातात, कोरड्या पडल्या तरी मरतात. कायमचा दात पडला तर मुळाला हात न लावता तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरायचा, माती असेल तर पाण्याखाली नुसता विसळायचा आणि जमलं तर तिथेच खोबणीत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचं. नाही जमलं तर थंड दुधात ठेवायचा. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात डॉक्टर गाठायचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. मैदानाच्या कडेला चहाची टपरी होती, तिथे दुधाच्या पिशव्या होत्या. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत हाडात स्क्रू घालून पक्का दात बसवता येत नाही. तोवर त्या मुलाला काढता-घालता येणारा दात वापरायचा आहे. हल्ली तो तोंडावर हात धरून बोलतो.

बॉक्सिंगमध्ये माउथगार्डशिवाय, म्हणजे दातांवर बसवायच्या संरक्षक कवचाशिवाय, रिंगणात उतरू देत नाहीत. कबड्डीत गुडघे, टाचा, डोकी तोंडाशी येतात, तरी आपण नीकॅपवर थांबतो. गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवायचे माउथगार्ड खेळाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात. डॉक्टरांकडून माप देऊन केलेला महाग पडतो, पण तो सगळ्यात नीट बसतो. वाढत्या वयात जबडा बदलतो, त्यामुळे दर मोसमाला तपासून घ्यावा लागतो.

‘तोंडात ते असलं तर दम कसा घालणार?’ हा प्रश्न मला प्रत्येक पालक विचारतो. प्रश्न खरा आहे, चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ पंचांना स्पष्ट ऐकू जावंच लागतं. तयार मापाचा ढिला गार्ड असेल तर तो दातांनी दाबून धरावा लागतो आणि शब्द अडकतात. नीट बसवलेला असेल तर तसं होत नाही. आमच्या पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली, आठवडाभराच्या सरावानंतर शेवटच्या टोकाला उभं राहूनही मला त्यांचा दम ऐकू येत होता.

मंडळांना हात जोडून विनंती आहे, जर्सीसाठी देणगीदार शोधता तेव्हा किशोर आणि कुमार गटाच्या माउथगार्डसाठीही शब्द टाका. मोसमाआधी तालुक्यातल्या दंतवैद्यांना एक दिवस मैदानावर बोलवा, ते मुलांचे गार्ड नीट बसवून देतील. आमच्या सामन्यांत यंदा पंचांच्या टेबलाखाली बर्फाच्या डब्यात दुधाची एक पिशवी ठेवलेली असेल.

– एक कबड्डी प्रशिक्षक, ता. अलिबाग, जि. रायगड